दोनशे चौदावी रेकॉर्ड

सोमवार, १२ तारीख. सकाळची भांडी आटोपल्यावर

तर काल सगळ्यात आधी टपकला तो दाताचा डॉक्टर. वेळ दिलेली चारची आणि हा साडेतीनलाच दारात. मी अजून घरातल्याच कपड्यांत, हाताला राख. त्याच्या हातात चामड्याची छोटी पेटी, म्हणाला, "मी दाताचा डॉक्टर." मला वाटलं, पत्ता चुकला. मी म्हटलं, "दात दुखणारे वरच्या मजल्यावर राहतात. आमच्याकडे काढायला उरलेत किती?" बिचारा आधी हसला, मग पायपुसण्यावर चार वेळा बूट घासत म्हणाला, "आजी, दात नाही, मी रेकॉर्ड बघायला आलोय." त्याच्यामागून अर्ध्या तासाने रेकॉर्डच्या दुकानाचे मालक आले. ते माझ्याच वयाचे, एकेका पायरीला थांबत. दोघे एकमेकांना बघून असे खूश झाले, जसं काही दोघांचा सख्खा मामा आमच्याच घरी सापडलाय.

खारूताई, घाबरू नकोस. तुझ्या रेकॉर्डी मी विकायला काढलेल्या नाहीत. सगळं नीट आहे. हे पहिल्याच पानावर सांगून टाकते, कारण तू पत्र मागून वाचतेस. लहानपणी गोष्टसुद्धा मागून ऐकायचीस, आधी राक्षस मेला का ते सांग म्हणायचीस. तर मेला. आता सावकाश वाच.

सगळं नीट आहे हे मला मात्र कालच कळलं. त्याआधी दोन महिने माझा जीव टांगणीला लागला होता. त्या दोन महिन्यांत मी तुला तीन पत्रं टाकली आणि तिन्हींत लिहिलं, तुझ्या रेकॉर्डी मजेत आहेत. ते धादांत खोटं होतं. म्हणजे दोनशे तेरा मजेत होत्या. दोनशे चौदावीचं मी वाटोळं केलं असं मी धरून बसले होते. तीच गं, काळ्या कव्हराची, जिच्यावर नाव नाही की चित्र नाही. जिच्याबद्दल तू टॅक्सीत पाय ठेवता ठेवता म्हणाली होतीस, "आजी, ही एक सोडून सगळ्या वाजव."

ही एक सोडून.

आता तूच सांग, माणसाला असं सांगतात का? माझ्या जागी तू असतीस तर तू पहिल्याच दिवशी वाजवली असतीस. मी दोन वर्षं थांबले, ह्याचं कोणी कौतुक करत नाही.

तू गेलीस तेव्हा मी तुझ्या बाजूने तोंड उघडलं नाही, हे तू मनात धरलंयस, ते मला माहीत आहे. घरातला एक माणूस जिन्यात उभा राहून म्हणाला, "पक्की नोकरी सोडून दुसऱ्यांच्या जुन्या टेपा पुसायला चाललीस तर हे भंगारही उचल, नाहीतर मी रस्त्यावर ठेवतो." मी गप्प राहिले. तू गेल्यावर बोलले. म्हटलं, "पेट्या माझ्या खोलीत राहतील, आणि माझी खोली कोणाच्या बापाची नाही." पण ते ऐकायला तू कुठे होतीस. तेव्हापासून तू पत्रात मांजराची चौकशी करतेस, माझ्या गुडघ्याची करतेस, खिडकीतल्या कुंडीचीसुद्धा करतेस. एका माणसाची करत नाहीस. तुझी आई गेल्यापासून ह्या घरात आम्ही तिघंच, आणि तिघांतल्या दोघांचं हे असं. तेव्हा त्या पेट्या म्हणजे तुझा नि ह्या घराचा उरलेला एकच दोरा, असं मी समजत होते. आणि तोच मी माझ्या हाताने तोडला, असं मला वाटलं. मग तुला खरं कसं लिहिणार होते?

दूधवाला आला. उद्या लिहिते.

मंगळवार, १३ तारीख. दुपारी

काल कुठवर आले होते? हं, वाटोळं.

तू मला मशीन लावायला शिकवलंस, कारण आठवड्यातून एकदा फिरलं नाही तर आतला पट्टा सैल पडतो. कागदावर नियम लिहून दिलेस, मोठ्ठ्या अक्षरात, तिसरी पास बाईला वाचता येईल असे. हात धुवायचे. तबकडी कडेने धरायची. सुई अलगद. रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, आडव्या कधीच नाही. मी एकही नियम मोडलेला नाही. पहिले पंधरा दिवस मी मशीन नुसतं लावायची आणि दार लोटून स्वयंपाकघरात पळायची. काय तो आवाज. कोणीतरी जिन्यावरून भांड्यांचं कपाट ढकलून देतंय आणि खाली उभा असलेला माणूस भोंगा वाजवून थांबवायला सांगतोय. मी मनात म्हटलं, ह्या पोरीला मी भरवलेलं सगळं वाया गेलं.

मग एकदा काय झालं, मी मटार सोलत बाहेर बसले होते आणि आतून एक ढोलवाला वाजवायला लागला. एकटाच. आणि मी सोलायची थांबले. अगं, मी एकतीस वर्षं काजं-बटणांच्या कारखान्यात काढली. एका छपराखाली तीस मशिनी, प्रत्येकीची चाल वेगळी, जी ती आपापलं शिवतेय. पण दिवसातून एकदोनदा, कोणीही न ठरवता, तिसांच्या तीस मशिनी एका ठेक्यात यायच्या. चारपाच टाके, फार तर दहा. आम्ही बायका मान वर करून एकमेकींकडे बघायचो. मग पुन्हा ज्याचं त्याचं. ते मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काय होतं त्यात. आणि इथे ते कोणीतरी रेकॉर्डवर धरून ठेवलेलं.

त्या दिवसापासून मी दार उघडं ठेवते.

मला कव्हरावरची परकी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून मी माझी नावं ठेवली. दोन भोंगेवाले एकमेकांच्या तोंडातला घास काढतात ती 'दोन सवती'. पियानो एक सूर वाजवून अर्धा मिनिट गप्प बसतो ती 'रुसलेली सून'. श्वास लागलेला माणूस आहे तो 'दमेकरी'. दमेकरी मला फार आवडतो. तो वाजवतो तेव्हा वाटतं, आता हा मरतो, आणि मग तो जे काही वाजवतो ते ऐकून आपल्यालाच दम लागतो. असं करत करत दोनशे तेरा झाल्या. काही दोनदा, काही वीसदा. 'भांड्यांचं कपाट' मात्र एकदाच, ते मला अजून झेपत नाही. तू खरंच ऐकतेस का ते, की आपली फुशारकी?

आणि मग पेटीत एकच उरली, न ऐकलेली.

ते शनिवारी दुपारी झालं. हात धुतले, दोनदा धुतले. कडेने धरली. लावली. आधी काहीच नाही. कोणीतरी खुर्ची सरकवतंय. मग तो मोठा तंबोऱ्याएवढा तारांचा बाजा, हळू, फार हळू, म्हातारा माणूस खोलीत चष्मा शोधत फिरतो तसा. मग भोंगा आला, पण खालून, पोटातून. खारूताई, मी पलंगावर बसले ती उठलेच नाही. काय आहे ते मला सांगता येणार नाही. कोणीतरी आपल्याला काही सांगायला आलंय आणि सांगायचं सोडून आपल्याशेजारी नुसतं बसलंय, असं. चहा हातात निवला.

आणि मग ती अडकली.

शेवटी शेवटी. एक श्वास, एक टक, दाराची एक कुर्र. श्वास, टक, कुर्र. श्वास, टक, कुर्र. मी वाट बघितली. आत जाऊन गॅस बंद करून आले, तरी तेच. चरा पडला, मी पाडला. सुई उचलायला दोन्ही हात लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून बघितली, तिथेच अडकली. तिसऱ्या दिवशी सुईच्या डोक्यावर कोटाचं बटण ठेवलं, वजनाने पुढे सरकेल म्हणून. ढिम्म. मशिनीची सुई तुटायच्या आधी आवाजावरून ओळखणारी बाई मी, आणि नातीची एक रेकॉर्ड मला धड सांभाळता आली नाही. मी ती उचलली आणि रजयांच्या मागे लपवली. उभी, आडवी नाही.

मग मशीनला हातच लावला नाही. जेवण जाईना. तुला लिहिलं, मजेत आहेत.

आता पुढचं जरा जपून लिहायला हवं. कारण घरातल्या एका माणसाने मला बजावलंय की त्याचं नाव पत्रात घालायचं नाही. बरं, घालत नाही. तर दोनेक आठवड्यांनी घरातला एक माणूस कामावरून आला, बूट काढता काढता म्हणाला, "मशीन का बंद आहे?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय, तुला तर कटकट व्हायची." तो म्हणाला, "कटकट होतेच. पण आता नसली की घरात शिरल्यासारखं वाटत नाही." मी तिथेच डोळे पुसायला लागले, आणि सगळं सांगितलं. तो उठला. रजयांमागून रेकॉर्ड काढली, उजेडात तिरकी धरून बघितली, मोबाइलवर तिचा आणि कव्हराचा फोटो काढला, पुन्हा होती तशी ठेवली. उभी.

मग दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी हा गायब. विचारलं तर म्हणे काम आहे. सहा आठवडे.

हे बघ, ह्या घरात राहतो आम्ही तिघं. मी, मांजर आणि तो. मांजर काही रेकॉर्डच्या दुकानात जात नाही. तेव्हा तुला कळायचं ते कळलंच असेल, मी कशाला लपवू. तुझा बाप गं. शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जुन्या रेकॉर्डींची सगळी दुकानं पालथी घालून आला, अगदी तश्शीच दुसरी मिळते का बघायला. तुला कळायच्या आत बदलून ठेवायची होती त्याला. मी म्हटलं, "अरे, हे तर खोट्यावर खोटं." तर म्हणतो, "तिची वस्तू आपल्या घरात खराब झाली, हे तिला कळता कामा नये. आधीच थोडं झालंय का?"

एका दुकानात त्याला हसले. दुसऱ्यात म्हणाले, असं काही नसतंच. शेवटी एका तळघरातल्या दुकानात मालकांनी फोटो बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला आणि विचारलं, "तुम्हाला ही हवीय, की तुमच्याकडे ही आहे?"

तुझा बाप म्हणाला, "होती. बिघडली."

"बघायला कधी येऊ?"

हात दुखायला लागला. मांडीवर मांजर येऊन बसलंय, ते तुझ्या कागदावर पाय देतंय. हा डाग त्याचा.

बुधवार, १४ तारीख

तर रविवारी ते दोघे आले. दुकानाचे मालक, आणि त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, म्हणजे तो दाताचा डॉक्टर. तुझ्या बापाने सकाळपासून खोली तीनदा झाडली. मी रजयांमागून ती काढून आणली, जशी काही मेलेली चिमणी हातात धरलीय. दोघांनी काळं कव्हर बघितलं आणि दोघेही उभे राहिले. मी विचारलं, "काय झालं, बसा की." डॉक्टर म्हणाला, "आजी, ह्या रेकॉर्डच्या फक्त दोनशे प्रती काढल्या होत्या. मी बावीस वर्षं शोधतोय. पहिल्यांदा डोळ्यांनी बघतोय."

म्हणजे बिघडवायला मला हीच मिळाली.

डॉक्टरने पेटी उघडली. त्यात काय, तर तेच. कपाळाला लावायचा दिवा, डोळ्याला लावायचं भिंग. हातमोजे चढवले आणि वाकून बघायला लागला. मी तुझ्या बापाचा हात धरून बसले होते, अगदी तो सात वर्षांचा असताना त्याची दाढ काढायला नेला होता तशी. फक्त तेव्हा तो माझा धरून होता.

"चरा कुठेच नाही," डॉक्टर म्हणाला.

"मग अडकते का?"

"कुठे अडकते?"

"शेवटी. लावून दाखवते." मी लावली. पूर्ण बाजू ऐकली सगळ्यांनी, कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि आली ती जागा. श्वास, टक, कुर्र. श्वास, टक, कुर्र. मी म्हटलं, "हे बघा. हे मी केलं." आणि मला रडू आलं.

दुकानवाले हसायला लागले. वाईट नाही गं, बरं हसू. म्हणाले, "बाई, हे तुम्ही नाही केलं. हे त्याने केलंय, वाजवणाऱ्याने."

मग डॉक्टरने समजावलं. प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटी सुई एका गोल वर्तुळात येऊन फिरत राहते, सगळ्यांच्याच. फक्त ते वर्तुळ मुकं असतं, म्हणून आपल्याला नुसती खरखर ऐकू येते. ह्या माणसाने त्या मुक्या वर्तुळात आवाज भरून ठेवला. मुद्दाम. म्हणजे ही रेकॉर्ड आपण होऊन संपतच नाही. ती कधी संपवायची, ते ऐकणाऱ्याने उठून ठरवायचं.

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू. अंगातून दोन महिन्यांचं ओझं उतरलं, आणि ते उतरल्या उतरल्या मला त्या वाजवणाऱ्याचा असा राग आला. मी म्हटलं, "मग कव्हरावर तसं लिहायला काय झालं होतं मेल्याला? घरात म्हातारी माणसं असतात." डॉक्टर इतका हसला की त्याच्या कपाळावरचा दिवा सगळ्या भिंतीवर नाचायला लागला. दुकानवाले म्हणाले, "लिहिलं असतं तर तुम्ही दोन महिने हिच्याबद्दल विचार केला असता का?" मी म्हटलं, "तुम्ही दुकानदारच बरे, असल्या विचाराने माणसाचं जेवण सुटतं."

आणि एवढं सगळं बोलणं होईतो मागे ते चालूच. श्वास, टक, कुर्र. गंमत अशी, की आता बिघडलेलं नाही म्हटल्यावर ते ऐकायला छान वाटायला लागलं. कोणी घरात येतंय, आलंय, येतंय. चौघेही गप्प होऊन ऐकत बसलो. किती वेळ, देव जाणे. पाहुण्यांना वाटलं घरच्यांनी उठावं, मला वाटलं पाहुण्यांचं ऐकून झालेलं नसेल. शेवटी तुझा बाप उठला. जाऊन मशीनपाशी उभा राहिला. तो लिफ्टची कामं करतो, त्याच्या हाताला दोरीचा ताण कळतो, तुला माहीत आहे. एका बोटाने त्याने सुई अशी उचलली की टकसुद्धा झालं नाही. आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाला, "एवढंच करायचं होतं."

कोणाला म्हणाला कोण जाणे. मी विचारलं नाही.

आता एक खरंखुरं नुकसान आहे, तेही कबूल करते, म्हणजे मन साफ. त्या शनिवारी निवलेला चहा मी काळ्या कव्हरावर ठेवला होता. कोपऱ्यात कपाचा गोल उमटलाय. पुसायला गेले तर काळा रंगच निघायला लागला, म्हणून सोडला. डॉक्टरने बघितला आणि तोंड असं केलं, जशी त्याचीच दाढ काढली. तुला राग आला तर ये आणि माझ्यावर ओरड. पत्रातून ओरडलेलं मला वाचायला फार वेळ लागतो.

गुरुवार, १५ तारीख. पाकीट बंद करायच्या आधी

हे सांगायचं राहिलंच होतं, आणि खरं तर ह्याचसाठी एवढं लिहिलं.

त्या दोघांना दुसरी बाजू ऐकायची होती. डॉक्टरने हात पुढे केलाच होता तबकडी उलटायला. मी म्हटलं, "थांबा. एक बाजू मी न विचारता वाजवली, त्याची शिक्षा भोगून झाली. दुसरी मालकिणीला विचारल्याशिवाय नाही." डॉक्टर म्हणाला, "आजी, बावीस वर्षं." मी म्हटलं, "मग आणखी दोन-तीन आठवड्यांनी काही दात पडत नाहीत." दुकानवाल्यांना पटलं. ते म्हणाले, बरोबर आहे बाईंचं, ही ज्याची असते त्यानेच लावायची असते. आणि जाताना दोघांनी दारात उभं राहून तुझ्या बापाला विचारलं, "एवढी मोलाची रेकॉर्ड ओळखून आणणारी तुमची मुलगी करते काय?"

तो म्हणाला, "जुने आवाज वाचवते. मोठ्या संस्थेत." आणि वर म्हणाला, "तिला लहानपणापासून कान आहे." आता हे खरं की नाही मला ठाऊक नाही, लहानपणी तर तुला हाक मारली की ऐकू यायचं नाही.

काल संध्याकाळी मी त्याच्यासमोर कागद ठेवला. म्हटलं, "परवानगी विचारायचीय, तूच विचार." पेन घेऊन दहा मिनिटं बसला. मांजराने दोनदा जागा बदलली, ह्याने एक अक्षर काढलं नाही. मग पेन परत दिलं. म्हणाला, "तूच लिही. तुझं अक्षर तिला लागतं." मग दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "आणि विचार, तेव्हा मी खोलीत बसलो तर तिला चालेल का."

तर विचारतेय. दोन्ही. फोन कर किंवा लिही, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला सांगू नकोस, त्यालाच सांग. तो सातला घरी येतो. आणि तुला येता आलं तर कोणाला विचारायलाच नको, तू येऊन लाव, तू उचल. खोली झाडलेली आहे.

रजया पुन्हा कपाटात गेल्यात, रेकॉर्डी पेटीत, दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. आज सकाळी मी दमेकऱ्याला लावलं आणि दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

तुझी,
आजी

ता. क. दिवस लिहायचा राहिलाच. तुझ्या बापाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. ते दोघे पुन्हा येतो म्हणालेत शुक्रवारी, तीस तारखेला, चार वाजता.